यू-बोल्टच्या खाली काय असतं?

घरी गाडी बांधणाऱ्यांमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, मागच्या एक्सलवर सस्पेन्शनचे ब्रॅकेट सरळ वेल्ड करून टाका, विषय संपला. दुसरा म्हणतो, वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग, म्हणजे एक्सलचं नळीसारखं बाहेरचं कवच, वाकतं, म्हणून यू-बोल्टने (इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या बोल्टने) आवळा. एवढे अवजड ट्रक यू-बोल्टवर धावतात, मग तुमच्या पाचशे-सहाशे किलोच्या गाडीला काय होणार आहे? मी दोघांचंही ऐकून घेतलं, दोन्ही करून पाहिलं, आणि शेवटी माझ्या गाडीखाली जे बसलं ते दोन्ही पक्षांना पुरतं पटलेलं नाही. ते कसं ठरलं आणि कसं केलं, ते लिहितो.

आधी गाडीबद्दल थोडं. कॉलिन चॅपमनने 1957 साली लोटस सेवन आणली. पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, बसायला दोघं, छप्पर असून नसल्यासारखं. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्याच धाटणीच्या गाड्या जगभरातले हौशी लोक चौकोनी पाइपची चासी जोडून घरी बांधत राहिले. माझीही त्याच वळणाची. इंजिन आणि गिअरबॉक्स मारुती जिप्सीचा. जिप्सीत ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सपासून सुटं असतं, दोघांना जोडणारा एक छोटा शाफ्ट मध्ये असतो. ते केस काढून ठेवलं की गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट थेट मागच्या एक्सलपर्यंत नेता येतो. अशा गाडीसाठी यापेक्षा सोयीचं गणित आपल्याकडे सापडणं कठीण.

कायद्याचंही आधीच सांगतो, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच येतो. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 126 प्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, ते एकट्यादुकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. आणि कुठल्या तरी जुन्या जिप्सीच्या आरसीवर हा सांगाडा चढवायचा म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. तेव्हा बंदिस्त ट्रॅक, मातीवरचं ऑटोक्रॉस, आणि जाणं-येणं टोच्या गाडीवरून. हे मान्य असेल तरच या भानगडीत पडावं.

एक्सल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. तिथल्या एका दुकानदाराने आधी मला प्रीमियर पद्मिनीचा एक्सल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या उतरल्या. ज्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, त्याच कुर्ल्याच्या भंगारात तिचा एक्सल पडलेला पाहून मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण उद्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे ताकद चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीचा, दात गेला तर तो आणायचा कुठून, हा विचार करून जिप्सीचाच घेतला. घेताना दोन गोष्टी पाहिल्या: दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागा झिजलेल्या नाहीत ना, आणि पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बसतात त्या सीटच्या कडेने गंजाची रेघ नाही ना. गंजाची सरळ रेघ म्हणजे बहुतेक वेळा चीर असते. टेम्पोत टाकून एक्सल भांडुपला मित्राच्या गाळ्यावर आणला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवायची माझी हिंमत नाही आणि सेक्रेटरीसाहेबांची परवानगी नाही.

आता मुद्द्याचं. मूळ जिप्सीत मागचा एक्सल दोन लांब पाट्यांवर बसतो. पाटेच त्याला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे धरून ठेवतात आणि गाडीचं वजनही पेलतात. सेवनच्या धाटणीत पाटे जातात आणि त्यांच्या जागी येतात चार लिंक, म्हणजे दोन्ही बाजूंना एक वर आणि एक खाली. आडवं धरायला एक पॅनहार्ड रॉड. आणि वजनासाठी दोन कॉइलओव्हर शॉकअप, म्हणजे अंगावरच स्प्रिंग चढवलेले. या प्रत्येकाचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. एक्सलकडच्या टोकांना जे कान लागतात ते हे ब्रॅकेट. वेल्ड की बोल्ट हा वाद त्यांच्यावरूनच.

वादात पडण्याआधी मी कागद-पेन्सिल घेतली. जिप्सीच्या 1.3 लिटरच्या एमपीएफआय इंजिनाचा टॉर्क 103 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीनच्या थोडं वर, डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरचं) चारच्या जरासं खाली. गुणाकार केला की चाकांपाशी 1,400 न्यूटन-मीटरच्या वर जातो. पण त्याआधीच टायर घसरणार: चालक बसल्यावर मागच्या चाकांवर साधारण 350 किलो, टायरची त्रिज्या 29 सेंटीमीटर, पकड अगदी उत्तम धरली तरी 1,000 च्या आसपास. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच पीळ हाउसिंगला उलट्या दिशेने बसतो. पिनियनचं नाक वर उचलू पाहतं, आणि ते होऊ न देणं हे त्या चार लिंकचं काम. एका बाजूला 500. वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये 15 सेंटीमीटर अंतर धरलं, तर प्रत्येक लिंकमध्ये नुसत्या पिळापायी 340 किलोच्या आसपास बळ. गाडी पुढे ढकलण्याचं बळ वेगळंच. क्लच झटक्यात सोडला तर हे सगळं दुप्पट धरावं. ब्रेक दाबला की दिशा उलटी. म्हणजे ब्रॅकेट सतत पुढे-मागे पिळला जाणार. मला विचाराल तर ताकदीपेक्षा हे उलटसुलट होणंच जास्त त्रासाचं.

बोल्टवाल्या पक्षाची सुरुवात करून दिली ती माझ्या डोंबिवलीच्या मित्राने. तो जीपगाड्यांमधला माणूस, जंगलात एक्सल बदललेला. त्याचं म्हणणं साधं: "अरे, वेल्ड केलंस की तो एक्सल त्या गाडीचा गुलाम झाला. उद्या हाउसिंग बदलायची वेळ आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बोल्ट काढ, दुसऱ्यावर लाव, संपलं." यात चूक काढण्यासारखं काही नाही. म्हणून आधी त्याच्या पद्धतीने केलं. 3 मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट साकीनाक्याला लेझरवर कापून घेतले, नळीच्या गोलाईवर बसेल असं खोगीर त्यांना खाली जोडलं आणि नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या एम-10 च्या दोन-दोन यू-बोल्टांनी ते नळीवर आवळले.

कागदावर हे जेमतेम पास होत होतं. ब्रॅकेटच्या जागी नळीचा व्यास साधारण 6 सेंटीमीटर, म्हणजे 500 न्यूटन-मीटरचा पीळ अडवायला नळीच्या पृष्ठभागावर 1.7 टनांचं घर्षण हवं. 8.8 ग्रेडचा (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी) एम-10, म्हणजे 10 मिलिमीटरचा बोल्ट, नीट आवळला की एका पायात अडीच टनांच्या आसपास ताण येतो. चार पायांचे दहा. खोगीर आणि यू-बोल्ट अशा दोन्ही अंगांनी घर्षण मिळतं असं उदार मनाने धरलं तर 3 टन हातात. झटक्याला लागणार 3.4. आणि हे सगळं यू-बोल्ट खरोखर 8.8 चा आहे असं समजून. बाजारात सळई वाकवून दिलेल्या यू-बोल्टवर ग्रेडचा शिक्का शोधून दाखवा.

नुसत्या हिशेबावर भांडण मिटत नाही, म्हणून करून पाहिलं. एक्सल मूळच्या सीटवर जाड टेबलाला बोल्टने पक्का बांधला, ब्रॅकेटला एक मीटर लांब पाइप अडकवला आणि नळी-खोगीर यांच्यावरून पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढली. पाइपाच्या टोकाला मी लोंबकळलो. माझं वजन 72 किलो, म्हणजे 700 न्यूटन-मीटर. रेघ जिथल्या तिथे. मित्र खूश. मग पाइप उलट बाजूला लावला, परत सुलट, आणि लोंबकळण्याऐवजी झटके द्यायला लागलो. थोड्या वेळाने रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक नळीवर, एक खोगिरावर, मध्ये जेमतेम मार्करच्या जाडीएवढा फरक. रंग खरवडून काढून, पान्याला टॉर्क लावून पुन्हा आवळलं. रंग मध्ये राहिला की तो चुरडतो आणि बोल्टचा ताण जातो, हे खरंच आहे. दुसऱ्या वेळी सरकायला जास्त झटके लागले. पण सरकलं. स्थिर बळाला जे हलत नाही ते उलटसुलट झटक्यांना हळूहळू चालायला लागतं. गाडीखाली ते चाललं असतं तर पिनियनचा कोन बदलला असता, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) ओरडायला लागले असते आणि कारण शोधण्यात माझा उन्हाळा गेला असता.

मग ट्रकचं काय? हा प्रश्न मला खरोखर पडला. एके दिवशी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला एका मेकॅनिकच्या शेजारी उकिडवा बसून मी ट्रकचा मागचा एक्सल खालून नीट पाहिला. यू-बोल्ट आहेत, अंगठ्याएवढे जाड. पण ते गोल नळीला कुठेच नुसते आवळलेले नाहीत. पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये सपाट सीट आहे आणि ती हाउसिंगचाच भाग आहे. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं सीटच्या भोकात बसतं. यू-बोल्ट फक्त पाट्याला सीटवर दाबून धरतो. पीळ अडवते ती सीट. पुढे-मागे सरकणं अडवतो तो सेंटर बोल्ट. गाळ्यावर परत येऊन माझाच एक्सल पाहिला तर तिथेही तेच. नळीच्या खाली कंपनीने वेल्ड केलेल्या दोन सीट, मध्ये भोक. ज्या दोन सीटवर मी तो एक्सल टेबलाला बांधला होता, त्याच. ट्रकचं उदाहरण देणारे लोक यू-बोल्ट बघतात, त्याच्या खालचं बघत नाहीत.

इथून पुढे माझं डोकं वेगळ्या दिशेने चाललं. कंपनीने त्या सीट हाउसिंग सरळ ठेवून, जिगमध्ये (पक्क्या साच्यात) धरून वेल्ड केल्या आहेत. ते वेल्डिंग मला फुकटात मिळालेलं आहे. मग त्याच सीटवर ब्रॅकेट बोल्ट का करू नये? चासीचे मागचे खालचे कान अजून लावलेले नव्हते, त्यामुळे खालच्या लिंक सीटच्या रेषेत आणता आल्या. 10 मिलिमीटरच्या प्लेटला मध्यभागी लेथवर काढलेली खुंटी ठोकली, ती सीटच्या भोकात चपखल बसते. प्लेटच्या खाली खालच्या लिंकचे कान, मागच्या बाजूला शॉकअपचा कान. उजव्या प्लेटवर पॅनहार्ड रॉडचा ब्रॅकेट, त्याला आडवी पट्टी लावून, कारण वळणावर त्या एकाच दांड्यात 350 किलोपर्यंत बळ येऊ शकतं आणि उंच नुसता कान वाकतो. हे सगळं नव्या यू-बोल्टांनी सीटवर आवळलं. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, एकदा ताणले की त्यांचा दम गेलेला असतो. पाइप लावून पुन्हा तसेच झटके दिले. रेघ हलली नाही. मित्राने स्वतः लोंबकळून खात्री करून घेतली, तो माझ्यापेक्षा बराच वजनदार आहे.

उरल्या वरच्या दोन लिंक. त्यांचे ब्रॅकेट त्याच प्लेटवरून वर आणता आले असते, पण तिथे शॉकअप आडवा येत होता, आणि नळीला वळसा घालून वर जाणारं ते लोखंड इतकं जड झालं असतं की हलक्या गाडीचा अर्थच गेला असता. वरची लिंक काही सेंटीमीटर आत, उघड्या नळीवरच येणार होती. तिथे सीट नाही. तिथे वेल्डिंगला पर्याय नव्हता. नळीला आरपार भोक पाडून बोल्ट घालावा असंही एकाने सुचवलं होतं. आतून शाफ्ट फिरतो आणि तेल खेळतं, तेव्हा त्या सल्ल्याबद्दल अधिक बोलत नाही.

वेल्डिंगसाठी मी ज्यांना मामा म्हणतो ते गोदीतून निवृत्त झालेले वेल्डर आले. मला वाटलं होतं, हे वेल्डच्या बाजूचे असणार. ब्रॅकेट हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेल्ड टाळता येतील ते आधी सांग." मी प्लेट दाखवल्या. ते खूश झाले. म्हणाले, "बोल्ट ढिला होतो तो दिसतो रे. वेल्डची चीर कधी कधी सुटल्यावरच दिसते."

तयारीतच निम्मं काम होतं. दोन्ही शाफ्ट बेअरिंगसकट ओढून काढले, ऑइल सील काढले, डिफरन्शियलचा गोळा पुढून सोडवला. उघडं हाउसिंग डिझेलने, मग कॉस्टिकच्या पाण्याने धुतलं, सुकवलं. आत EP90 या गिअरच्या तेलाचा थर उरला तर वेल्डमध्ये बुडबुडे येतात आणि धूर येतो तो निराळाच. ब्रीदरचं, म्हणजे हवा सोडणारं, भोकही मोकळं ठेवायचं, म्हणजे आतली हवा तापून दाब धरणार नाही. वेल्डच्या जागचा रंग आणि गंज ग्राइंडरने काढून लखलखीत केला. कोणी शाफ्ट आत ठेवूनच वेल्डिंग करत असेल तर त्याने निदान अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारी, नळीवरच लावावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गोळ्यांवर ठिणग्यांचे खड्डे पडतात.

हाउसिंग वाकलंय की नाही हे डोळ्याने कळत नाही. साकीनाक्याच्या लेथवाल्या काकांकडून मी दोन जाड चकत्या करून घेतल्या, बेअरिंगच्या जागेत अचूक बसणाऱ्या, मध्ये 25 मिलिमीटरचं भोक. त्यातून घासून गुळगुळीत केलेला एक लांब बार आरपार जातो. वेल्डिंगआधी तो बोटाने ढकलला तरी सरकत होता. शिवाय दोन्ही टोकांच्या फ्लँजला, जिथे ब्रेकची प्लेट बसते तिथे, मधोमध एकेक 60 सेंटीमीटरची सरळ पट्टी बोल्ट केली. दोन पट्ट्यांच्या वरच्या टोकांमधलं अंतर, खालच्या टोकांमधलं अंतर, मग पट्ट्या आडव्या फिरवून पुढचं आणि मागचं. चारही मापं वहीत. या दोन साधनांवर खर्च करताना हात आखडू नये. वेल्ड की बोल्ट या वादात मापाशिवाय बोलणाऱ्या माणसाशी मी आता वाद घालत नाही.

ब्रॅकेटची जागा ठरवताना बोल्टचाच उपयोग झाला. ते आधी केलेले खोगीर-यू-बोल्टचे ब्रॅकेट फुकट गेले नाहीत. गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर ठोकळ्यांवर ठेवली, चालकाच्या जागी वजन टाकलं, एक्सल खाली आणला, वरच्या लिंक जोडल्या आणि ब्रॅकेट नळीवर फिरवत फिरवत पिनियनची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर आणली. दोन्ही बाजूंचे कान एकाच रेषेत हवेत, नाहीतर बुश पिळले जातात. त्यासाठी दोन्ही ब्रॅकेटांच्या भोकांतून एकच लांब बार घातला. गुण्या, ओळंबा आणि खडू, सगळं झाल्यावर जागा पंचाने ठोकून कायम केली. वरच्या लिंकना डाव्या-उजव्या आट्यांचे एंड ठेवले होते, म्हणजे उरलासुरला अंश पुढे जुळवता येतो.

वेल्ड कुठे करायचं, यावर मामा बराच वेळ बोलले, आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच. चाकं टोकांना वर ढकलतात, गाडीचं वजन आतल्या बाजूला खाली दाबतं. म्हणजे नळीची खालची बाजू ताणली जाते, वरची दबते. ताणाच्या बाजूला नळीच्या आडवी, गोलाईभर फिरणारी वेल्डची रेघ मारली तर चीर तिथून सुरू होणार. आपले ब्रॅकेट वर होते, नशीब. तरी त्यांनी ब्रॅकेटखाली 3 मिलिमीटर जाडीची, गोलाई दिलेली एक पट्टी आधी बसवायला लावली, म्हणजे बळ एका रेषेत न येता पसरतं. आणि वेल्डच्या मुख्य रेघा नळीच्या लांबीच्या दिशेने. कोपऱ्यावर सुरुवात नाही आणि शेवटही नाही: मध्यावर सुरू करायचं, कोपऱ्याला वळसा घालून पुढे थांबायचं.

एकाच ठिकाणी सगळं बळ ओतलं की काय होतं याचं उदाहरण लोटसच्याच इतिहासात आहे. सेवनच्या दुसऱ्या मालिकेत मागचा एक्सल एका ए-आकाराच्या फ्रेमने डिफरन्शियलच्या खालच्या एकाच बुशवर धरलेला होता. हलकं, स्वस्त, हुशारीचं. पण स्टँडर्ड कंपनीच्या साध्या गाडीतून उचललेलं ते हाउसिंग त्यासाठी बनलेलंच नव्हतं, आणि ते तेल गाळण्यासाठी आणि तडकण्यासाठी प्रसिद्ध झालं.

प्रत्यक्ष वेल्डिंग मिगवर (गॅसच्या आडोशाने तार वितळवणाऱ्या यंत्रावर) झालं, 0.8 मिलिमीटरची तार. मामांचा जीव खरा 7018 रॉडमध्ये, पण तो रॉड ओव्हनमध्ये 300 अंशांच्या वर भाजून गरम डब्यातून काढूनच वापरावा लागतो, नाहीतर आवरणातली ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते. पाऊस तोंडावर आलेला, हवेत ओल भरलेली, आणि ओव्हन नाही. मिगमध्ये गॅस उडून जाऊ नये म्हणून पंखा बंद. भांडुपच्या पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्याच्या अखेरीस पंखा बंद म्हणजे काय, ते मुंबईकराला सांगायला नको.

आधी चारही कोपऱ्यांना टाके. मापं. मग उजव्या ब्रॅकेटच्या पुढच्या बाजूला जेमतेम एक इंच. तिथून उठून डाव्याच्या मागच्या बाजूला एक इंच. मग थांबायचं. हात ठेवून सहन होईल इतकं निवेपर्यंत पुढचा टाका नाही. पाणी ओतणं किंवा ओला फडका लावणं तर अजिबात नाही. चहा बराच झाला. मध्येच मित्राचा धीर सुटला आणि तो म्हणाला, "मामा, एका दमात ओढून टाका ना." मामांनी हातातली वेल्डिंगची टॉर्च त्याच्यापुढे धरली. तो गप्प बसला.

शेवटी निवल्यावर बार सरकवून पाहिला. जात होता, पण बोटाने नाही, तळहाताने रेटून. पट्ट्यांची मापं घेतली: वरच्या टोकांमधलं अंतर खालच्यापेक्षा 2 मिलिमीटर कमी. अपेक्षेप्रमाणेच. वेल्ड वरच्या अंगाला, निवताना ते आकसतं, टोकं वर ओढली जातात, चाकं वरून आत झुकतात. कोनात मांडलं तर प्रत्येक चाकाला एका अंशाचा साधारण दहावा भाग. पुष्कळ लोक एवढ्यावर सोडून देतात आणि त्यांची गाडी चालतेही. पण टोकाचं बेअरिंग आणि सील त्या तिरकेपणाची किंमत हळूहळू वसूल करतात, आणि मापून काढलेला वाकडेपणा ठाऊक असताना तसाच ठेवणं मला जमत नाही.

सरळ करायला हातोडा नको आणि जॅकही नको. मामांनी गॅसची बत्ती पेटवली, ब्रॅकेटच्या बरोबर उलट बाजूला, नळीच्या खाली, नाण्याएवढी जागा मंद लाल होईपर्यंत तापवली आणि आपसूक निवू दिली. तापलेलं लोखंड फुगायला जागा नसते म्हणून तिथेच दाबलं जातं, आणि निवताना आकसून टोकाला खाली ओढतं. ज्या आकसण्याने वाकवलं, त्यानेच सरळ केलं. एका बाजूला, मग दुसऱ्या, मध्ये पुन्हा मापं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला आणि बार पुन्हा बोटाने जायला लागला, तेव्हा मामांनी गॅस बंद केला. खालची बाजू ताणाची, म्हणून तिथे नुसती उष्णता चालते, वेल्डचा थेंब नाही.

रंग देण्याआधी चिरा तपासल्या. लाल पेनिट्रंटचा स्प्रे, दहा मिनिटं थांबून पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वेल्डवर नव्हती, आणि कंपनीच्या सीटच्या वेल्डवरही नव्हती, जी मला जास्त काळजीची वाटत होती. नवे सील, तेल, शाफ्ट, गोळा, सगळं परत. सीटवरच्या प्लेट आवळल्या आणि प्रत्येक नटावर मार्करची रेघ.

पहिल्यांदा गाडी मातीवर दामटवून परत आणली तेव्हा यू-बोल्टच्या नटांनी थोडं थोडं आवळून घेतलं, एका नटाने तर जवळपास पाव फेरा. हे व्हायचंच, नवे यू-बोल्ट बसेपर्यंत घेतात. त्यानंतरच्या खेपेला काहीच नाही. प्लेट जागच्या जागी. पिनियनचा कोन जसा लावला तसा. वेल्डवर पुन्हा पेनिट्रंट मारला, स्वच्छ. एकदा दगडावरून घसरताना उजव्या प्लेटवरचा पॅनहार्डचा कान किंचित वाकला. मैदानावरच प्लेट सोडली, गाळ्यावर कान बदलून पुन्हा लावली, एक्सल गाडीखालून काढावाही लागला नाही. तो वेल्ड केलेला असता तर तापवणं, मापणं, सगळं पुन्हा आलं असतं. बोल्टवाल्या पक्षाचं हे म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो.

डोंबिवलीचा मित्र मात्र अजून म्हणतो की वरचे ब्रॅकेटही बोल्टवर टिकले असते, फक्त यू-बोल्ट एम-12 चे हवे होते. म्हणो. सध्या त्याने स्वतःच्या जीपच्या मागच्या एक्सलवर नव्या जागी सीट वेल्ड करायला घेतल्या आहेत, आणि माझा बार, चकत्या आणि त्या दोन सरळ पट्ट्या त्याच्याकडेच आहेत.